कांबो सत्र : चीक अस्सल, सेवा नापास

अर्धा तास ओकाऱ्या, दंडावर किंवा पोटरीवर गोल डागांची कायमची ओळ, आणि या सगळ्याचे साधारण शंभर ते दोनशे डॉलर. युरोप-अमेरिकेत ‘कांबो सत्र’ नावाची सेवा या भावात मिळते. ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका बेडकाच्या कातडीचा चीक माणसाच्या भाजलेल्या त्वचेवर लावायचा, एवढाच तिचा गाभा. विकणारे त्यावर शरीरशुद्धी, प्रतिकारशक्ती, नैराश्य, व्यसनमुक्ती, सांधेदुखी असं जे सुचेल ते टांगतात.

‘सगळं थोतांड आहे’ म्हणून हात झटकणं सोपं, पण कांबोच्या बाबतीत ते चुकीचं ठरेल. चिकात पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या आहेत, ती रक्तात उतरतात आणि माणसाच्या शरीरातल्या रिसेप्टरांना, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या कुलपांना, जाऊन भिडतात. गंड्यादोऱ्यात काहीच नसतं, म्हणून तो बांधून कुणाचा रक्तदाब कोसळत नाही. इथे औषध खरोखर आहे, फक्त मात्रा कुणालाच माहीत नाही. आमची नापसंती या एकाच कारणावर उभी आहे. बाकीचे दोष त्यातूनच निघतात.

माल

फायलोमेड्युसा बायकलर हा झाडावर राहणारा बेडूक. पाठ हिरवीगार, पोट सायीच्या रंगाचं, मादी १२ सेंटिमीटरच्या आसपास जाते. ब्राझील, पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया, व्हेनेझुएला आणि गयाना पट्ट्यात तो आढळतो. उडी मारण्यापेक्षा फांदी धरून सावकाश चालण्याकडे त्याचा कल. पकडला तरी फारशी धडपड करत नाही. एवढा निवांतपणा परवडतो तो कातडीतल्या ग्रंथींच्या जिवावर: त्याला तोंडात धरलेला साप बहुधा त्याला परत थुंकून टाकतो.

पेरू-ब्राझील सीमेवरचे मात्सेस, आणि ब्राझीलच्या आक्रे भागातले कातुकिना, यावानावा, काशिनावा हे लोक हा चीक शिकारीसाठी वापरत आले आहेत. ‘पानेमा’ घालवायचा हा त्यांचा हेतू. पानेमा म्हणजे शिकार हुकणं, अंगात आळस भरणं आणि नशीब फिरणं यांचं मिळून एक नाव. आपल्याकडच्या ‘पनवती’ला बरंच जवळचं. जुरुआ नदीच्या वरच्या खोऱ्यातला हा प्रकार फ्रेंच मिशनरी कॉन्स्तां तास्तव्हां यांनी १९२५ मध्ये नोंदवला. शहरात तो पोचला १९९० च्या दशकात, आणि पोचवणाऱ्यांत रबराच्या झाडांचा चीक काढणारे मजूर होते. एका चिकाच्या धंद्यातली माणसं दुसऱ्या चिकाच्या धंद्यात आली.

चीक काढायची पद्धत अशी. रात्री बेडूक झाडावरून उतरवतात, चारी पाय दोऱ्यांनी चार काठ्यांना बांधून त्याला ताणून धरतात. डिवचला की पाठीवर आणि पायांवर पांढरट चीक येतो. तो काडीने खरवडून लाकडाच्या किंवा बांबूच्या चपट्या पट्टीवर पसरतात आणि बेडूक सोडून देतात. वाळल्यावर पट्टीवर व्हार्निशसारखा पिवळसर थर राहतो. पाण्याचे चार थेंब घालून तो पुन्हा ओला करायचा. विकली जाते ती ही पट्टी.

ग्राहक म्हणून पट्टीकडे पाहून काय कळतं? काहीही नाही. बेडूक कोणता, तोच बेडूक याआधी किती दिवसांपूर्वी खरवडला होता, ग्रंथी पुन्हा भरल्या होत्या का, थर किती जाड बसलाय, पट्टी किती जुनी आहे, यातलं काहीच वरून दिसत नाही. याच कुळातल्या दुसऱ्या जातींच्या चिकात पेप्टाइडांचं मिश्रण वेगळं असतं, तेही वाळल्यावर डोळ्यांना सारखंच दिसतं. ‘बेडकाला त्रास न देता गोळा केलेलं’ ही विक्रेत्यांची आवडती ओळ. जिवंत प्राण्याला चार बाजूंनी ताणून डिवचल्याशिवाय ग्रंथी रिकाम्या होत नाहीत, त्यामुळे ती ओळ वाचून पुढे जावं हे बरं.

पट्टीत नेमकं काय असतं, हे मात्र चांगलं ठाऊक आहे. सेरोटोनिनच्या शोधात मोठा वाटा असलेले इटालियन औषधशास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी आयुष्यातली अनेक वर्षं बेडकांच्या कातडीवर घालवली. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मात्सेस लोकांच्या चिकाचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. कोरड्या वजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत सक्रिय पेप्टाइडं निघाली. हा आकडा प्रचंड आहे. शरीरातली याच घराण्यातली संप्रेरकं मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने काम करतात, आणि इथे १०० मिलिग्रॅम चिकात ७ मिलिग्रॅमपर्यंत माल.

अंगात काय होतं

पहिल्या एक-दोन मिनिटांत छातीतून चेहऱ्याकडे उष्णतेचा लोट येतो, तोंड लाल होतं, कानशिलं ठणकतात, छाती धडधडते. हे काम फायलोकायनिन आणि फायलोमेड्युसिन या पेप्टाइडांचं. फायलोकायनिन म्हणजे आपल्याच रक्तातलं ब्रॅडिकायनिन, शेपटीला दोन जादा अमिनो आम्लं जोडलेलं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, केशवाहिन्यांतून पाणी ऊतींत झिरपू देतं, म्हणून रक्तदाब उतरतो आणि डोळे-ओठ सुजतात. फायलोमेड्युसिन टॅकिकायनिन घराण्यातलं. तेही वाहिन्या पसरवतं, शिवाय आतडी, लाळग्रंथी, अश्रुग्रंथी यांना कामाला लावतं. तिसरं सॉव्हाजिन, ४० अमिनो आम्लांची लांब साखळी. मेंदू ताणाच्या वेळी सोडतो त्या सीआरएफ संप्रेरकाचं हे भावंड. ते रक्तदाब पाडतं, नाडी वाढवतं आणि पिट्युटरीमार्फत अधिवृक्क ग्रंथींना हाका मारतं.

मग पोट. फायलोसेरुलीन हे नऊ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आपल्या कोलेसिस्टोकायनिनची नक्कल करतं. जेवणानंतर पित्ताशयाला पिळणारं आणि स्वादुपिंडाला रस सोडायला लावणारं संप्रेरक ते हेच. इथे जेवण नाही, पण पिळा पूर्ण पडतो. म्हणूनच कांबोच्या ओकारीत शेवटी पिवळं-हिरवं, कडूजहर पाणी येतं.

विक्रेते बादलीतलं ते पिवळं पाणी दाखवून ‘बघा, किती वर्षांचं विष निघालं’ म्हणतात. ते पित्त आहे. पित्ताशयात ते रोज असतं, उद्याही असेल. सकाळी प्यायलेलं दोन लिटर पाणी, त्यात पित्ताची भर, आणि पित्ताशय पिळणारं पेप्टाइड: एवढ्या तीन गोष्टींत बादलीचा हिशेब पुरा होतो. या घराण्यातलं सेरुलीन हे मूळ ऑस्ट्रेलियन झाडबेडकाचं. त्याचं कृत्रिम रूप एके काळी पित्ताशयाच्या तपासणीत वापरत, आणि प्रयोगशाळेत उंदरांना स्वादुपिंडदाह घडवून आणायला ते आजही तासातासाने टोचतात. ‘यकृत-स्वादुपिंड शुद्ध होतं’ अशी जाहिरात करणाऱ्याला ही माहिती जरूर द्यावी.

नंतरचा हलकेपणा हा या सेवेचा खरा विक्रीमुद्दा. वीस-तीस मिनिटांनी ओकाऱ्या थांबतात, ग्लानी येते, मग काही तास अंग हलकं, वेदना कमी, डोकं लख्ख वाटतं. हे खोटं नाही, आणि त्यामागे बेडकाचा आत्माही नाही. चिकात डर्मॉर्फिन आणि डेल्टॉर्फिन आहेत, दोन्ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारी. डर्मॉर्फिन मॉर्फिनच्याच रिसेप्टरवर बसतं आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत मॉर्फिनच्या तीस-चाळीस पट प्रभावी ठरलं आहे. सात अमिनो आम्लांची ही साखळी १९८१ मध्ये याच कुळातल्या दुसऱ्या बेडकात सापडली तेव्हा रसायनशास्त्रज्ञ चक्रावले होते, कारण तिच्यात दुसऱ्या जागी उजव्या हाताचं ॲलनिन होतं. प्राण्यांच्या पेशी डाव्या हाताची अमिनो आम्लं जोडतात. हा बेडूक डाव्या हाताचं जोडून मग ते उलटवतो. प्रथिनं कापणाऱ्या विकरांना असला तुकडा कापता येत नाही, म्हणून डर्मॉर्फिन टिकतं. २०१२ मध्ये अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांच्या नमुन्यांत ते सापडलं आणि ‘बेडकाचा रस’ म्हणून मोठी बोंब झाली. वेदना न जाणवणारा घोडा मोडक्या पायानेही पळतो, हा त्यातला धोका.

पेप्टाइडं रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरापलीकडे सहज जात नाहीत, त्यामुळे त्या लख्खपणात ओपिऑइडांचा वाटा किती, सॉव्हाजिनने जागवलेल्या ताणसंप्रेरकांचा किती, आणि ‘सुटलो बुवा एकदाचा’ या भावनेचा किती, हे सत्रात बसून वेगळं काढता येत नाही. एवढं नक्की की कांबो भ्रम दाखवत नाही. ज्याला दृष्टान्त हवाय त्याने पैसे वाचवावेत.

उरले डर्मासेप्टिन, ज्यांच्या जोरावर ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ ही जाहिरात चालते. ही पेप्टाइडं जिवाणू-बुरशीच्या पडद्याला भोकं पाडतात, पण काचेच्या बशीत. बेडकाला त्यांचा उपयोग कातडीवर, जिथे ती दाट असतात. माणसाच्या पाच लिटर रक्तात पसरल्यावर जी मात्रा उरते तिच्याने जंतुसंसर्ग बरा होतो याचा पुरावा नाही.

सत्राची पद्धत आणि ती कुठे फसते

आधीच्या रात्रीपासून उपास. सकाळी दीड-दोन लिटर पाणी, काही ठिकाणी त्याहून जास्त, दहा-पंधरा मिनिटांत पोटात. मग पेटत्या वेलीच्या काडीने त्वचेवर तीन ते पाच बारीक डाग, साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे. पुरुषांना परंपरेने दंडावर किंवा छातीवर, बायकांना पायावर. जळालेली वरची पापडी पुसून काढली की खालचा ओला थर उघडा पडतो. त्यावर चिकाचे ठिपके. चांगले सेवादाते आधी एकच ठिपका लावून पाच-दहा मिनिटं थांबतात, मग बाकीचे लावतात. सत्र संपलं की ठिपके धुऊन टाकतात.

डागण्याच्या पायरीत तत्त्व म्हणून चूक नाही. अखंड त्वचेतून एवढे मोठे रेणू आत जात नाहीत आणि तोंडाने घेतले तर जठर त्यांचे तुकडे करतं. भाजलेली जागा हीच आत जायची वाट. पण आपल्या वर्णाच्या त्वचेत जखमेची गाठ, म्हणजे केलॉइड, जास्त धरते, आणि ती सगळ्यात जास्त धरते छातीवर आणि खांद्यावर, म्हणजे नेमकी जिथे डाग देतात तिथेच. टोचलेल्या कानाच्या पाळीवर ज्यांना गाठ आली असेल त्यांनी दंडावर पाच गाठींची तयारी ठेवावी. मेळघाटात लहान मुलांच्या पोटावर देतात त्या ‘डंब्या’विरुद्ध आपण वर्षानुवर्षं बोलतोय. तोच चटका डॉलर मोजून, डोळे मिटून घ्यावा का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ठिपका हे माप नव्हे. एका हाताचा ठिपका मसुराएवढा, दुसऱ्याचा मोहरीएवढा. एक पट्टी ताज्या भरलेल्या बेडकाची, दुसरी दमलेल्या बेडकाची. त्यातच डाग किती खोल गेलाय यावर शोषण ठरतं. तीन चलपदं, आणि तिन्ही सत्रागणिक बदलतात. ‘मागच्या वेळी पाच ठिपके झेपले’ ही माहिती या वेळच्या पाच ठिपक्यांबद्दल काहीच सांगत नाही. आधी एक ठिपका लावून थांबणं ही सगळ्या पद्धतीतली एकमेव शहाणपणाची पायरी, आणि घाईत पहिली गळते तीच.

सगळ्यात घातक पायरी पाण्याची आहे. निरोगी मूत्रपिंडं तासाला फार तर ८०० मिलिलिटर ते १ लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतात. उलटी, वेदना आणि ताण यांच्यामुळे शरीर पाणी अडवणारं संप्रेरक सोडतं, आणि कांबोनंतर हे संप्रेरक अवास्तव वाढल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. म्हणजे नळ वरून सुरू आणि मोरीला बोळा. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ या पट्ट्यातून खाली घसरतं आणि मेंदूच्या पेशी पाणी पिऊन फुगतात. आधी डोकेदुखी आणि मळमळ, मग गोंधळ, मग झटके. पहिली दोन लक्षणं कांबोच्या ‘नेहमीच्या’ लक्षणांत मिसळून जातात, म्हणून लक्षात येतं तेव्हा झटकेच येत असतात. ‘सत्रानंतर भरपूर पाणी प्या, विष धुऊन निघेल’ हा सल्ला आगीत तेल आहे. शहाळ्याचं पाणीही इथे उपाय नव्हे. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं.

दुसरा दोष मुळातच सेवेत विणलेला आहे. चेहरा सुजणं, रक्तदाब पडणं, उलटी, छातीत धडधड, भोवळ ही कांबोची अपेक्षित लक्षणं. जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीची लक्षणंही हीच. सेवादात्याकडे रक्तदाबाचं यंत्र नाही, ॲड्रेनॅलिनची सुई नाही, असली तरी ती कधी द्यायची याचं शिक्षण नाही. सुजलेल्या तोंडाला ‘बेडूकमुख’ म्हणून कौतुक करायची रीत आहे. त्या कौतुकात घसा आवळत चाललेला माणूस सुटून जातो. धंद्यातल्या खासगी संघटना प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं देतात. सरकारी वैद्यकीय परवान्यासारखं वजन त्यांना नाही.

बाकीचे अपघात साधे आहेत, पण तेवढेच खरे. रक्तदाब पडलेला असताना शौचाला उठून चालत जाणं, वाटेत कोसळणं, फरशीवर डोकं आपटणं. उताणं झोपून ओकणं आणि ते श्वासनळीत जाणं. जोराच्या कोरड्या ओकाऱ्यांनी अन्ननलिका फाटल्याचाही रुग्ण नोंदलेला आहे. भाजलेल्या जागी पू होणं हे त्यांतलं सौम्य.

वाचणाऱ्याला इथे आयुर्वेदातलं वमन, म्हणजे उलटी करवण्याचा उपचार, आठवेल. त्याची बाजू आम्ही इथे घेत नाही, पण पद्धतीतला फरक डोळ्यांत भरतो. उलटी आणणाऱ्या गेळफळाची मात्रा मोजलेली, आधी काही दिवस स्नेहन-स्वेदन, उलटीचे वेग मोजायचे, कुठे थांबवायचं ते ठरलेलं, नंतर पेज-भाताचा क्रम. कांबोत उलटी कधी थांबणार हे बेडकावर सोडलेलं असतं.

कुणी अजिबात फिरकू नये

रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांनी. ही औषधं ब्रॅडिकायनिन तोडणारं विकर बंद करतात. त्यात फायलोकायनिनची भर पडली तर पडलेला रक्तदाब पुन्हा वर यायला वेळ लागतो. ज्यांच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे, म्हणजे तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे, त्यांनीही. ती आधीच सोडियम उतरवते. नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी सोडियम घसरू शकतं, आणि नैराश्य हेच या सेवेचं मोठं गिऱ्हाईक. काही ठिकाणी तर सत्राआधी या गोळ्या बंद करायला सांगतात. अचानक बंद केल्याचा त्रास वेगळा, मूळ आजार उसळण्याचा धोका वेगळा.

पित्ताशयात खडे असतील तर पिळा पडल्यावर खडा नळीत अडकू शकतो. बायपास, स्टेंट, झडपेचा आजार, पूर्वीचा पक्षाघात, मिरगी, मूत्रपिंडाचा आजार, इन्शुलिनवरचा मधुमेह आणि उपास हे एकत्र, गरोदरपण: उत्तर एकच. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्यांवर ॲड्रेनॅलिनचाही असर कमी पडतो, म्हणजे वाचवायची वेळ आली तर तीही वाट अरुंद.

आणखी एक घोळ. सोनोरा वाळवंटातल्या भेकाचं विष ओढायचं असतं ते वेगळं. त्यात पेप्टाइड नव्हे, तर भ्रम आणणारं ५-एमईओ-डीएमटी असतं. काही ठिकाणी दोन्ही एकाच पॅकेजात देतात. एक रक्तदाब पाडणारं, दुसरं चढवणारं. ही जोडी लावणाऱ्याला दोन्हींपैकी एकही कळलेलं नाही असं खुशाल समजावं.

कॅप्सूल, मलम, जिभेखालचे थेंब

यांवर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. गिळलेलं पेप्टाइड पचतं. अखंड त्वचेवरचं मलम वरच राहतं. थेंबांच्या बाटलीत काय आहे हे बाटलीलाच माहीत. या प्रकारांनी अपाय होण्याची शक्यता कमी, याचं कारण बहुधा त्यांत काही पोचतच नाही. पाचपैकी शून्य, पण जिवाला बिनधोक शून्य.

कायद्यात कुठे बसतं

ब्राझीलच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्येच कांबोच्या औषधी गुणांची जाहिरात बंद केली. त्याआधी कातुकिना लोकांनी सरकारकडे तक्रार नेली होती की आमचं ज्ञान शहरात बाटल्या-पट्ट्यांत विकलं जातंय. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये कांबो घेतल्यावर एका महिलेचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२१ पासून त्या देशाने हा चीक विषांच्या यादीतल्या दहाव्या परिशिष्टात घातला. विक्री, पुरवठा, वापर सगळं बंद. मेक्सिकोतल्या दुरांगोमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये एका अभिनेत्रीचा मृत्यू झाला, तोही कांबोनंतर.

भारतात १९५४ चा औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा आहे. कर्करोग, मधुमेह, मिरगी अशा आजारांवर इलाजाची जाहिरात त्याखाली गुन्हा ठरते. गोव्यात किंवा लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये ‘कांबोने मधुमेह उलटवा’ असा फलक दिसला तर अन्न व औषध प्रशासनाकडे फोटोसह तक्रार करता येते. फक्त ‘अनुभव’ म्हणून विकणारे शब्द जपून वापरतात. ते शब्द नीट वाचले की कळतं, वचन कशाचंच दिलेलं नसतं.

बेडकातून औषध निघतच नाही का?

निघू शकतं, आणि ती वाट कशी दिसते हे आपल्या सह्याद्रीतल्याच एका बेडकावरून कळतं. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार या जातीचं वर्णन २०१५ मध्ये झालं, आणि वर्णन करणाऱ्यांत पुण्याचे संशोधक होते. ‘बहुविस्तार’ हे नाव तिच्या दूरवर पसरलेल्या वावरावरून पडलं. महाराष्ट्र-गोव्यापासून केरळपर्यंत ती आढळते. २०१७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्राने अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाबरोबर केरळातल्या या बेडकाच्या चिकातली पेप्टाइडं तपासली. ३२ पैकी चार फ्लूच्या विषाणूवर चालली. त्या चारांतली तीन माणसाच्या पेशींनाही बाधणारी निघाली. उरलेल्या एकाला केरळातल्या चाबकासारख्या लवचीक तलवारीवरून ‘उरुमिन’ नाव मिळालं. ते एच-१ जातीच्या फ्लू विषाणूच्या पृष्ठावरच्या प्रथिनाचा देठ धरतं आणि उंदरांत कामी आलं.

चारांतली तीन बाधक हा आकडा पुन्हा वाचावा. त्या तिघांना गाळायला प्रयोगशाळा लागली. कांबोच्या पट्टीत गाळणीच नाही, सगळी एकत्र.

गाळून, एकटं पाडून, मिलिग्रॅमात मोजूनही वाट खडतर असते. आफ्रिकन नखी-बेडकाला शस्त्रक्रियेनंतर गढूळ पाण्यातही जखम का चिघळत नाही, या प्रश्नातून मायकेल झॅसलॉफ यांनी १९८७ मध्ये मॅगेनिन शोधलं. त्यापासून मधुमेही पायाच्या जखमेसाठी केलेलं मलम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परत पाठवलं, कारण जुन्या अँटिबायोटिकपेक्षा ते सरस ठरलं नाही. उलट उदाहरणही ब्राझीलचंच आहे. जराराका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांवरून बेतलेलं कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये बाजारात आलं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं एक अख्खं घराणं त्यातून उभं राहिलं. त्या गोळीच्या पाकिटावर २५ मिलिग्रॅम असं छापलेलं असतं. कांबोच्या पट्टीवर मात्रेच्या जागी बेडकाचं चित्र.

आमचे गुण असे. मालाच्या औषधी ताकदीला पाचपैकी पाच. मात्रेच्या भरवशाला शून्य. निगराणीला, ठिपका लावून थांबणारा सेवादाता असेल तर एक, नाहीतर शून्य. दाव्यांच्या खरेपणाला एक, तोही ‘नंतर हलकं वाटतं’ एवढ्या एका वाक्याचा. पैशाच्या मोलाला गुण देणं आम्ही टाळतो, कारण अतिदक्षता विभागाचं बिल किमतीत धरायचं की नाही हे आधी ठरायला हवं.

इतकं वाचूनही ओळखीतलं कुणी बसलंच, आणि तासाभरानंतरही ओकाऱ्या थांबेनात, बोलणं अडखळू लागलं, डोकं फुटायला आलं, घोगरा आवाज किंवा श्वासाला शिट्टी ऐकू आली, झटका आला, तर ‘शुद्धी चालू आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये. ठिपके साध्या पाण्याने पुसून काढावेत, माणसाला कुशीवर वळवावं, उठवू-चालवू नये, तोंडाने पाणी, सरबत, शहाळं काहीही देऊ नये. महाराष्ट्रात १०८ ला फोन करावा. दवाखान्यात ‘बेडकाचं विष’ एवढंच सांगितलं तर डॉक्टर सापाच्या दिशेने विचार करतील. सांगावं ते असं: भाजलेल्या त्वचेतून ओपिऑइड आणि रक्तदाब पाडणारी पेप्टाइडं गेली आहेत, इतक्या वाजता, इतके ठिपके, रोजच्या गोळ्या या. सोडियम आणि ईसीजी लगेच बघायला सांगावं. आणि किती लिटर पाणी किती वेळात प्यायलं, तो आकडा सगळ्यात आधी.